सूर्याची वही

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत एक बैठक लिहायची राहिली, की हिशेब लावताना आपली किती तारांबळ उडते! टोकियोच्या हिसाको कोयामाबाईंनी चाळीस वर्षं सूर्याची वही ठेवली. आम्ही त्यांना हिशेबनीसच म्हणतो. शिक्षण शाळेपुरतं. १९४४ साली, युद्ध चालू असताना, वडिलांनी दिलेली दुर्बीण लावून त्यांनी सूर्यावरचे डाग टिपले. पुढे विज्ञान संग्रहालयात लागल्या. दुर्बिणीतून बिंब कागदावर पाडायचं, डाग पेन्सिलीने काढायचे. (थेट बघू नका, डोळे जातात.) हे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात, ओसरतात, पण मोजणारा बदलला की आकडाही बदलतो. बाईंची नजर एकच, चित्रं दहा हजारांहून जास्त. गॅलिलिओपासूनच्या चारशे वर्षांच्या नोंदींचा मेळ घालताना शास्त्रज्ञांनी बाईंच्या नोंदी पुढ्यात घेतल्या.