तारानाकीभोवतीचं वर्तुळ

उपग्रहातून घेतलेल्या न्यूझीलंडच्या छायाचित्रात उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याशी एक गर्द हिरवं वर्तुळ दिसतं. त्याच्या मध्यावर तारानाकी हा २,५१८ मीटर उंचीचा, हिवाळ्यात बर्फाने पांढराशुभ्र होणारा ज्वालामुखी. शंकू निसर्गाने रचला. वर्तुळ मात्र मोजणीखात्याचं काम. त्याचं जन्मसाल १८८१.

स्थानिक माओरी जमातींसाठी हा डोंगर म्हणजे पूर्वज. त्यांच्या कथेनुसार तो पूर्वी बेटाच्या मध्यभागी इतर ज्वालामुखींच्या शेजारी राहायचा. पिहांगा या शिखरासाठी त्यांतल्याच तोंगारिरोशी त्याचं भांडण झालं. हरल्यावर तो पश्चिमेकडे निघाला आणि त्याच्या वाटेवर पडलेल्या खोल चरीतून व्हांगानुई नदी वाहू लागली. जेम्स कुकने १७७० च्या जानेवारीत जहाजावरून शिखर पाहिलं आणि ब्रिटिश नौदलखात्याचे माजी प्रमुख अर्ल ऑफ एग्मंट यांचं नाव त्याला देऊन टाकलं. १८३९ मध्ये अर्न्स्ट डीफेनबाख हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ माथ्यावर चढला, तेव्हा सोबतचे माओरी वाटाडे हिमरेषेपाशीच थांबले. वरचा भाग त्यांच्या लेखी पवित्र, तिथे पाय ठेवायचा नाही.

१८६० मध्ये ब्रिटिश वसाहतवाल्यांचं सरकार आणि माओरी यांच्यात जमिनीवरून युद्ध पेटलं. सरकारने १८६३ साली जप्तीचा कायदा केला आणि १८६५ मध्ये तारानाकी प्रांतातली लाखो एकर जमीन ताब्यात घेतली. डोंगरही त्यातच गेला. सरकारला तो राखीव ठेवता आला, तो या जप्तीच्या जोरावर.

वसाहतवाले जंगल तोडत, जाळत वर सरकत होते. डोंगरावरून पन्नासहून अधिक नद्या-ओढे उतरतात. माथ्याजवळचं रान गेलं असतं तर खालच्या शेतीचं पाणीच धोक्यात आलं असतं. म्हणून १८८१ मध्ये शिखर हा मध्य धरून सहा मैलांच्या त्रिज्येतलं जंगल राखीव झालं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला डोंगराच्या पायथ्याच्या पारिहाका या माओरी गावावर सरकारची सुमारे १,६०० सशस्त्र माणसं चालून गेली. ‘ते फिटी’ आणि तोहू या दोन माओरी पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली इथले लोक मोजणीच्या खुंट्या उपटून आणि जप्त जमिनीवर नांगर धरून निःशस्त्र विरोध करत होते. फौजेच्या समोर आली ती गाणी म्हणणारी मुलं आणि ताजे पाव. दोन्ही नेत्यांना अटक झाली; खटला न चालवताच त्यांना दक्षिण बेटावर डांबण्यात आलं.

राखीव वर्तुळाच्या रेषेबाहेर कुऱ्हाड चालूच राहिली. पाडलेल्या झाडांच्या कुजक्या ओंडक्यांवर कानासारखी बुरशी उगवायची. च्यू चाँग हा चिनी व्यापारी ती रोख पैसे मोजून विकत घ्यायचा आणि चीनला पाठवायचा. कित्येक गरीब वसाहतवाल्यांच्या घरात पहिला रोख पैसा आला तो या बुरशीतून. याच च्यू चाँगने पुढे एल्टमला लोण्याचा कारखाना काढला आणि तारानाकीचा मुलूख दूधदुभत्यासाठी नावाजला. १९०० साली राखीव रानाचं एग्मंट राष्ट्रीय उद्यान झालं, देशातलं दुसरं. नंतर वायव्येच्या पौआकाई आणि काइताके या डोंगररांगा जोडल्या गेल्याने वर्तुळाला त्या बाजूने शेपूट फुटलं. बाकी कडेला आजही तारेच्या कुंपणाशी गाईंचं कुरण संपतं आणि पलीकडे लगेच दाट रान सुरू होतं. वर्तुळ इतकं रेखीव दिसतं, कारण बाहेरचं सगळं कापलं गेलं.

मालकीचा कागद मात्र फिरत राहिला. १९७८ च्या कायद्याने डोंगर माओरी विश्वस्त मंडळाला परत दिला आणि त्याच कायद्याने तो राष्ट्राला भेट म्हणून पुन्हा सरकारजमाही केला. १९८६ मध्ये तारानाकी आणि एग्मंट ही दोन्ही नावं अधिकृत झाली. २०२५ च्या जानेवारीत संसदेने तारानाकी आणि त्याच्या सोबतच्या शिखरांना कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला, जप्तीबद्दल माफी मागितली आणि एग्मंट हे नाव डोंगरावरून, उद्यानावरूनही काढलं. आपल्याकडे देवस्थानच्या जमिनीला सातबारावर देवाचं नाव लागतं, तसा आता हा डोंगर स्वतःचाच मालक आहे. त्याच्या वतीने बोलणाऱ्या मंडळावर चार जण माओरी जमातींनी नेमायचे, चार सरकारने.

उद्यान पूर्वीप्रमाणे सर्वांना खुलं आहे. जंगल वाचवणारी रेषा आणि जमीन हिरावणारी मोजणी एकाच सरकारची होती. त्यातली रेषा टिकवायची आणि मोजणीचा अन्याय कबूल करायचा, हे दोन्ही एकाच कायद्यात बसवायला १४४ वर्षं लागली.