डेल्को, सेल्फ आणि बॉडी अर्थ : जुन्या मोटारीच्या वायरिंगमधला इतिहास

जुन्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला डिस्ट्रिब्युटर म्हणत नाही, ‘डेल्को’ म्हणतो. ‘डेल्कोचं झाकण काढ’, ‘डेल्कोत पाणी गेलंय’ ही वाक्ये गॅरेजमध्ये वाढलेल्या कुणाच्याही कानावरून गेलेली असतात. डेल्को हे त्या भागाचे नाव नव्हे, एका कंपनीचे नाव आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या आद्याक्षरांचे झाले डेल्को. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांवर ठिणगी पाडण्याची जी पद्धत पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर चालली, ती याच मंडळींनी व्यवहारात आणली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर त्यांनीच बसवला. त्यापूर्वी समोर उभे राहून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. ‘सेल्फ-स्टार्टर’मधला स्टार्टर आपण केव्हाच गाळला; ‘सेल्फ’ तेवढा उरला. स्टेपनीचेही तेच. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचे नाव आपण रोज घेतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

मोटारीच्या इतिहासाची साधने म्हणून मी हे शब्द गोळा करू लागलो, आणि शब्दांच्या मागोमाग वायरींकडे वळलो. आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहिला जातो तो कारखानदारांचा, संस्थानिकांचा आणि मॉडेलांचा. कोणत्या साली कोणती गाडी आली हे त्यातून कळते. ती गाडी पुढची चाळीस वर्षे कशी चालली, हे कळत नाही. आणि आपल्या देशातल्या मोटारीची खरी गोष्ट तर या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

मुंबईपुरते बोलायचे तर जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये गाड्या जुळवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या घरातल्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने ठरवले की, ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, नुसते जुळवणाऱ्यांनी आवरते घ्यावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेले. कुर्ल्यात फियाट ११०० आली आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. हे सारे पुस्तकांत सापडते. पण १९५३ पूर्वी आलेल्या हजारो अमेरिकन आणि इंग्रजी गाड्या काही बोटीत घालून परत पाठवल्या नव्हत्या. त्या इथेच राहिल्या, कारखाना मागे नसलेल्या. त्यांचे इंजिन दणकट होते, पत्रा जाड होता. आधी दगा दिला तो विजेने.

इथे थोडे यंत्रात शिरावे लागेल. मोटारीत प्रत्येक दिव्याला बॅटरीकडून एकच वायर येते. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. यालाच आपण बॉडी अर्थ म्हणतो. आता बॅटरीचे कोणते टोक अंगाला जोडायचे? आज सगळीकडे निगेटिव्ह. पण तेव्हा तसे नव्हते. फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. जनरल मोटर्सच्या सहा व्होल्टच्याच, पण निगेटिव्ह अर्थच्या. इंग्रजी गाड्या साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बारा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ. फियाट बारा व्होल्ट, निगेटिव्ह. म्हणजे एकाच गल्लीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या प्लिमथ, शेव्हरोले, मॉरिस आणि फियाट या चार गाड्यांच्या चार तऱ्हा. पॉझिटिव्ह अर्थच्या बाजूने तेव्हा दोन कारणे दिली जात : तांब्याची टोके कमी गंजतात, आणि ठिणगी पाडायला सोपे जाते. पहिल्याबद्दल वाद आहे. दुसऱ्यात तथ्य एवढेच की प्लगचा मधला तापलेला काटा निगेटिव्ह असला तर कमी दाबात ठिणगी पडते. आणि ते कॉइलच्या जोडणीवर अवलंबून असते, बॅटरीच्या नव्हे. पुढे ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले, डायोडचे अल्टरनेटर आले, आणि उलटसुलट जोडणी परवडेनाशी झाली.

सहा व्होल्टचे दुखणे वेगळे. छत्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर ओढतो, सहा व्होल्टवर सहा. गंजलेल्या सांध्यात एक दशांश ओहमचा अडथळा आला, तर बारा व्होल्टच्या गाडीत ०.३ व्होल्ट खर्ची पडतात, अडीच टक्के. सहा व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट, म्हणजे सरळ दहा टक्के. आणि व्होल्टेज दहा टक्के घटले की साध्या फिलामेंटच्या दिव्याचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत असे सांधे गाडीत किती असतील, ते सांगायला नको. सहा व्होल्टची गाडी रात्री आंधळी होते असे जुने ड्रायव्हर म्हणत. त्यांनी हे गणित मांडलेले नव्हते, पण म्हणत ते खरेच होते.

काही वर्षांपूर्वी पुण्यात पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची एक अमेरिकन सेदान माझ्याकडे तपासायला आली. मूळची सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ. मालकांची तक्रार साधी होती : ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद उजळतात, आणि गाडी तापली की सेल्फ मारत नाही. पहिल्या दुखण्याला मी ‘परतीची वाट चुकणे’ म्हणतो. मागच्या दिव्याच्या खोबणीचा अंगाशी असलेला संबंध गंजाने तुटला, की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अंगात न उतरता त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा चढतो आणि पार्किंगच्या वायरीने पुढे जाऊन डॅशबोर्डच्या दिव्यांतून उतरतो. वायरिंग ‘शॉर्ट’ झाले म्हणून ते सगळे उपटून काढायची मुळीच गरज नसते. खोबण पॉलिश पेपरने घासून एक अर्थची वायर दिली की काम होते. दुसरे दुखणेही त्याच जातीचे. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, त्यामुळे त्याला अंगाशी जोडणारी विणीची पट्टी लागते. ती कुजली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट वाट शोधत चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून जातो. तार चटका बसण्याइतकी तापते, आणि सेल्फ मात्र कण्हतो.

अशा वेळी डिजिटल मीटरवर फार विसंबू नये. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. जुन्या वायरमनचा दोन वायरी जोडलेला बल्ब प्रत्यक्ष करंट ओढतो, आणि धागा कमकुवत असेल तर मिणमिणतो. बल्ब जेवढा मोठ्या वॅटचा तेवढा खरा साक्षीदार. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीला इंग्रज मोटारप्रेमी ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून चिडवत आले. या विनोदाचे बळी ठरलेले निम्मे दोष तरी माझ्या मते गंजलेल्या अर्थचेच असावेत.

पण त्या सेदानमध्ये दुखण्यापेक्षा थोर काही निघाले. डॅशबोर्डखालची वेटोळी सोडवली तेव्हा तळाशी कापडी विणीची, रबर आत असलेली मूळ वायर होती. रबर बोटांत भुगा होत होते. तिच्यावर प्लास्टिकच्या वेष्टणाची वायर, इंग्रजी रंगसंगतीची : तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनमागच्या फ्यूजवरून आलेली, काळी अर्थची. अमेरिकन गाडीत ही संगती येण्याचे कारण एकच, दुसऱ्या कुठल्या गाडीचे हार्नेस तिच्यात चढवलेले. त्याच्यावर, मागच्या दिव्यांपर्यंत, घरातल्या टेबल फॅनला असते तशी पिळाची दुपदरी वायर. तीन थर, तीन काळ. रंगांवरून आणि वेष्टणांवरून त्यांचा क्रम लावता येतो, मात्र साल सांगता येत नाही.

मधल्या थरात कुणीतरी ही गाडी सहावरून बारा व्होल्टवर आणली होती. बॅटरी, बल्ब, कॉइल, डायनॅमो आणि त्याचा कटआउट-रेग्युलेटर बदललेले. सेल्फ सहा व्होल्टचाच ठेवलेला. तो बारावर जोरात मारतो आणि फार वेळ दाबून धरला नाही तर टिकतो. पेट्रोलच्या काट्याच्या आधी व्होल्टेज उतरवायला तारेचे वेटोळे बसवलेले. हे कुणीही केले असते. मला थांबवले ते दोन वायरींनी. ॲमीटरच्या दोन्ही वायरी मूळ खुणांच्या उलट जोडलेल्या होत्या. आणि कॉइल होती जुन्या इंग्रजी पद्धतीची, तिच्यावर एका टोकाला ‘एसडब्ल्यू’ म्हणजे स्विच आणि दुसऱ्याला ‘सीबी’ म्हणजे पॉइंट अशी अक्षरे. पण स्विचची वायर ‘सीबी’ला आणि डेल्कोची ‘एसडब्ल्यू’ला. वरवर पाहणारा म्हणेल, घाईत चूक झाली. चूक नव्हती. ही कॉइल पॉझिटिव्ह अर्थसाठी घडवलेली. गाडी निगेटिव्ह अर्थवर नेली, तर कॉइलच्या वायरी उलट्या केल्याशिवाय प्लगच्या मधल्या काट्याला निगेटिव्ह मिळत नाही. आणि ॲमीटर उलटा केला नाही तर चार्जिंग होताना काटा डिस्चार्ज दाखवतो. मी पेन्सिलीची जुनी परीक्षा करून पाहिली. प्लगची वायर थोडी दूर धरून मधल्या फटीत शिशाचे टोक न्यायचे. नारिंगी लखलख प्लगच्या बाजूला दिसली तर जोडणी बरोबर. ती प्लगच्याच बाजूला दिसली.

ज्याने हे केले तो माणूस कॉइलच्या आत काय घडते ते जाणून होता. त्याचे नाव कुठेही नाही. पावती नाही, नोंद नाही.

डायनॅमोच्या काळात हे ज्ञान वापरात राहणे भागच होते, कारण प्रत्येक भाग उघडत असे. चार्जिंगचा लाल दिवा विझत नसेल तर डायनॅमोची ‘डी’ आणि ‘एफ’ टोके जोडून इंजिन हळूहळू चढवायचे. मीटरवर व्होल्टेज वाढले तर डायनॅमो ठीक, दोष कंट्रोल बॉक्समध्ये किंवा वायरीत. व्होल्टेज वाढले नाही तर कार्बन घासलेले, कम्युटेटर काळा पडलेला किंवा आर्मेचर जळालेले. मग ते भरायला द्यायचे. कटआउटचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोत रिकामी होते, म्हणून बॉक्स तापलेला लागला की आधी बॅटरीचे टोक सोडायचे. आणि गाडीची अर्थ बदलली तर डायनॅमोला नवी दिशा शिकवावी लागते : बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर ‘एफ’ला क्षणभर टेकवायची, पोलांतले उरलेले चुंबकत्व उलटते. त्या सेदानच्या कारागिराला डायनॅमोला हाही स्पर्श करावा लागला असण्याची शक्यता मोठी.

देशी उत्पादन सुरू झाल्यावर, मद्रासजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस उभी राहिल्यावर, नवे भाग मिळू लागले. पण ते इथे बनणाऱ्या गाड्यांसाठी. अनाथ झालेल्या गाड्यांना इतरांच्या अवयवांवरच जगावे लागले, आणि चोरबाजार किंवा नाना पेठेतून आणलेला अवयव कोणत्या गाडीत कसा बसेल ही विद्या कोणत्याही मॅन्युअलमध्ये नव्हती.

ही विद्या आता वेगाने जात आहे, आणि तिचा एकमेव लेखी पुरावाही आपण फेकतो आहोत. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी टपांचे आणि मीटरांचे फोटो छापले. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे चांगलेच झाले. त्यात गाडी मूळ रूपात असावी असे म्हणताना चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. वायरिंगचा नाही. रिस्टोरेशनच्या कामात पहिल्याच दिवशी कापून कचऱ्यात जाते ते वायरिंग. ते बदलू नये असे मी म्हणणार नाही. भुगा झालेले रबर म्हणजे आगीला आमंत्रण. पण कापण्याआधी आराखडा काढायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस कुणी देत नाही.

त्या सेदानच्या मालकांना गाडी प्रदर्शनात उतरवायची होती, म्हणून ती पुन्हा सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ करून हवी होती. कारखान्यातून आली तशी. कारखान्यात ती काही महिने होती आणि त्या अनाम कारागिराच्या जोडणीवर चाळीसएक वर्षे चालली, हे मी त्यांना सांगितले. तीन बैठका झाल्या. शेवटी जुने हार्नेस प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून एका पत्र्याच्या पेटीत ठेवले, आराखडा त्याच पेटीत. नवी वायर कापडी विणीची घेतली, दिसायला मूळसारखी. व्होल्टेज बाराच राहिले, अर्थ निगेटिव्हच. आणि ॲमीटरच्या वायरी त्याने जोडल्या होत्या तशाच, उलट्या.