शेततळ्यात मासे पाळताय? जास्त खाद्य टाकलं की मासे जास्त वाढतात, हे खरं आहे का?

मूठभर खाद्य फेकलं की पाणी उकळल्यासारखं होतं आणि शेकडो मासे एकमेकांवर तुटून पडतात. शेततळ्यातले असे व्हीडिओ रील्सवर भरपूर बघायला मिळतात. ते बघून अनेकांना वाटतं, एवढी भूक आहे तर अजून दोन घमेली टाकायला काय हरकत आहे?

हरकत आहे. कारण मासा किती खाऊ शकतो यापेक्षा, तळ्यातलं पाणी किती पचवू शकतं हा प्रश्न मोठा असतो.

महाराष्ट्रात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगावी शेततळी दिसू लागली. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदी आणि ३ मीटर खोली हे त्यातलं ओळखीचं माप. पाणी मुरू नये म्हणून अनेकांनी तळाला प्लॅस्टिकचा कागद टाकला. पाणी साठलंच आहे तर मासेही सोडू, असा विचार मग साहजिकच आला.

पण गावतळं आणि कागद टाकलेलं शेततळं यात मोठा फरक आहे. मातीच्या तळ्यात गाळातून अन्नद्रव्यं पाण्यात येतात. त्यावर डोळ्यांना न दिसणारे शेवाळकण आणि सूक्ष्म प्राणी वाढतात, त्यांना प्लवंग म्हणतात. कटला वरच्या थरात हे प्लवंग खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी कुजलेला पालापाचोळा, गाळ धुंडाळतो. कागदाच्या तळ्यात गाळच नसल्यामुळे हे फुकटचं जेवण फार कमी मिळतं. म्हणून तिथे बाहेरून खाद्य द्यावंच लागतं.

काय द्यायचं?

सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समप्रमाणात. पेंड आधी भिजवून, कोंड्यात कालवून गोळे करतात. कोंडा नुसता फेकला तर बराचसा पाण्यातच विरघळून जातो. आंध्र प्रदेशात कोल्लेरू सरोवराच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. खताच्या रिकाम्या गोणीला भोकं पाडायची, त्यात कोंडा भरायचा आणि ती तळ्यात बांबूला टांगायची. मासे भोकांतून ओढून खातात, वाया फार जात नाही.

बाजारात तरंगणारं गोळी खाद्यही मिळतं. कार्प जातीच्या माशांसाठी त्यात साधारण २५ ते ३० टक्के प्रथिनं असतात. ते महाग पडतं, पण मासे खातात की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

मंदिराच्या कुंडात घालतात तशा कणकेच्या गोळ्या किंवा शिळा ब्रेड तळ्यात टाकू नये. त्यात पिष्ट भरपूर आणि प्रथिनं कमी. वाढ होत नाही, पाणी मात्र खराब होतं.

किती द्यायचं?

इथे अंदाजाने घमेलं भरून चालत नाही. समजा तळ्यात ५०० बोटुकली सोडली होती. काही महिन्यांनी जाळं टाकून २० मासे काढले, त्यांचं वजन ४ किलो भरलं. म्हणजे सरासरी २०० ग्रॅम. त्यातले ४०० मासे जगले असं धरलं तर तळ्यात ८० किलो मासे आहेत. या वयात वजनाच्या ३ टक्के खाद्य धरलं तर दिवसाला २.४ किलो. पिल्लं लहान असताना हे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असतं, मासे मोठे झाले की २ टक्क्यांच्या आसपास आणतात. महिन्यातून एकदा जाळं टाकून हिशोब नव्याने करायचा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रोहू, कटला, मृगळ यांना खरं पोटच नसतं. अन्न घशातून थेट आतड्यात जातं, साठवायला जागा नाही. त्यामुळे एकदम भरपूर दिलं तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं. तेवढंच खाद्य दोन वेळांत विभागून, रोज ठरलेल्या जागी दिलेलं बरं.

मग मासे एका रात्रीत मरतात ते का?

दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री ऊन नसतं, त्यामुळे शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारं उरलेलं खाद्य, सगळेच ऑक्सिजन वापरतात. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासे मजेत असतात, ३ च्या खाली गेला की त्यांना त्रास सुरू होतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला सुमारे ९ मिलिग्रॅम मावत असेल तर ३० अंशाला साडेसातच.

आता यात भर घाला. संध्याकाळी जास्तीचं खाद्य पडलं, ते पचवायला माशांनाच जास्त ऑक्सिजन लागला, उरलेलं तळाशी कुजलं आणि दिवसभर ढग असल्याने शेवाळाने ऑक्सिजन फारसा तयारच केला नव्हता. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून उघडझाप करताना दिसतात. काही जणांना वाटतं, भूक लागली. मग ते अजून खाद्य टाकतात आणि वर्षभराची मेहनत हातची जाते.

असं दिसलं तर त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. एअरेटर नसेल तर मोटर लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवारा करून परत तळ्यात सोडायचं.

उन्हाळ्यात धोका वाढतो, कारण शेततळं मुळात पिकासाठी असतं. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उपसलं जातं, मासे तेवढेच राहतात. जानेवारीत चालणारं खाद्य तेव्हा अर्ध्या पाण्यात पडत असतं.

रोज काय बघायचं?

सकाळी ऊन वर आल्यावर, साधारण ९-१० वाजता पहिलं खाद्य. एका टोपलीत थोडं ठेवून ती पाण्यात सोडायची आणि दोन तासांनी वर काढायची. खाद्य उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवं झालंय, काही दिवस हात आखडता घ्यायचा. थंडीत पाणी गार झालं की मासे कमी खातात, तेव्हाही तसंच.

आणि विक्रीसाठी मासे काढायच्या आदल्या दिवशी खाद्य द्यायचं नाही. आतडं रिकामं असलेला मासा वाहतुकीत जास्त वेळ टिकतो.