गळ्यात अडकलेली गोटी

इंग्लंडमधल्या गावांबाहेरचे व्हिक्टोरियाकालीन उकिरडे उकरले, की कोळशाच्या राखेतून काचेचे तुटके गळे निघतात. कुणी चिमटीत धरून दाबल्यासारखी मान आणि तिच्याजवळ दोन खळगे. आपल्या माणसाला ओळख पटायला पुस्तक लागत नाही. ही तर गोटी सोड्याची बाटली!

तिची पूर्वज उभीच राहू शकत नसे. कॉर्कचं बूच सुकलं की आकसतं आणि गॅस निसटतो. म्हणून १८०९ साली विल्यम हॅमिल्टनच्या पेटंटात आली अंड्यासारख्या गोल बुडाची बाटली. ती आडवीच ठेवावी लागे, त्यामुळे बूच सदा ओलं.

हायरम कॉड या इंग्रजाने १८७२च्या सुमारास बूचच काढून टाकलं. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, तोंडाच्या आत रबराची चकती. सोडा भरताना बाटली उलटी धरायची. गोटी चकतीवर येते आणि सुलटी केली तरी आतला गॅसच तिला वर रेटून धरतो. सोड्यालाच स्वतःचा पहारेकरी केलं, याहून धूर्त युक्ती मला तरी ठाऊक नाही. अंगठ्याने दाबलं की फस्स! मग ओतताना गोटी त्या खळग्यांत अडकते, वाट अडवत नाही.

इंग्रजीत थापेला ‘कॉड्सवॉलप’ म्हणतात आणि तो शब्द या कॉडवरून आला असं छातीठोक सांगितलं जातं. पण त्याचा लेखी आढळ थेट १९५९चा, म्हणजे कॉड वारल्यावर सत्तरेक वर्षांनी. तेव्हा ही व्युत्पत्तीच थाप असावी.

१८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याच्या बुचाचं पेटंट घेतलं आणि पुढे गोटी मागे पडली. जपानात ती ‘रामुने’ पेयात टिकली. आपल्याकडे लिंबू-सोड्याच्या गाडीवर टिकली, शिवाय दंगलीच्या बातम्यांतही. दगडांच्या जोडीला सोडावॉटरच्या बाटल्या हव्यातच!

गळे तुटके का? पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या म्हणून. अख्खी सापडलीच तर अंगावरची उठावदार अक्षरं वाचावीत: सोडेवाल्याचं नाव आणि गाव बहुधा तिथेच असतं. मग साच्याची शिवण पाहावी. ती ओठाच्या अलीकडेच विरली, तर ओठ हाताने घडवलेला. अगदी कडेपर्यंत चढली असेल, तर बाटली यंत्राची आणि बहुधा १९०३ नंतरची, कारण मायकल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र त्या साली आलं.