पेन्सिलने लिहिलेला अर्ज

अमेरिकन सिनेमात पोलीस बेड्या घालताना काय म्हणतात, आठवतंय? गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि पुढे, वकील परवडत नसेल तर तो दिला जाईल. मला हे दुसरं वाक्य जास्त मोठं वाटतं, कारण त्यामागे एका कैद्याची झुंज आहे.

साल 1961. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका पूल खेळण्याच्या क्लबात चोरी झाली. गेली काय, तर मशीनमधली चिल्लर आणि थोडी दारू. पोलिसांनी क्लॅरेन्स अर्ल गिडियन याला पकडलं. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं कोर्टाकडेच वकील मागितला. जज म्हणाले, आमच्या राज्यात सरकारी खर्चानं वकील फक्त देहदंडाच्या खटल्यात मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, वकिलाचा हक्क तर अमेरिकेच्या संविधानात 1791 पासून आहे! बरोबर. पण तिथे केंद्राची कोर्टं वेगळी आणि प्रत्येक राज्याची वेगळी. बहुतेक गुन्हे राज्याच्याच कोर्टात चालतात. आणि प्रत्येक गरीब आरोपीला वकील द्यायला राज्यं बांधील नाहीत, असं सुप्रीम कोर्टानंच 1942 मध्ये ठरवलं होतं.

गिडियननं स्वतःच केस लढवली आणि हरला. शिक्षा पाच वर्षं. मग त्यानं तुरुंगातून पेन्सिलने अर्ज लिहून थेट सुप्रीम कोर्टाला पाठवला. कोर्टानं तो ऐकायला घेतला आणि त्याच्यासाठी एब फोर्टस हे नामांकित वकील नेमले. 18 मार्च 1963 ला सगळ्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं: गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल आणि आरोपी गरीब असेल, तर राज्यानं वकील दिलाच पाहिजे.

ऑगस्टमध्ये खटला पुन्हा उभा राहिला. जज तेच, आरोप तोच. फरक एवढाच की यावेळी सोबत वकील होता. त्यानं मुख्य साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेतली. ज्युरीनं तासाभरात गिडियनला निर्दोष सोडलं. तोवर त्याची दोन वर्षं तुरुंगात गेली होती.

म्हणजे प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. राज्यांच्या कोर्टातल्या सुमारे 94 टक्के शिक्षा आरोपीनं गुन्हा कबूल केल्यामुळे होतात, हे सुप्रीम कोर्टानंच 2012 मध्ये नोंदवलं. त्या खटल्यांत साक्षीदाराला प्रश्न विचारायची वेळच येत नाही. सरकारी वकील सौदा पुढे ठेवतो आणि गरीब आरोपीचा वकील फायलींच्या ढिगाखाली दबलेला असतो. वकील मिळणं हा हक्क झाला. त्या वकिलाला आपल्यासाठी वेळ असणं, हे अजून नशिबावर आहे.

हा सौदा कसा चालतो, ते पुढच्या भागात. भेटूच!