महाड-पोलादपूरचा गवंडी आणि सरकारी कायदा

रायगडावरील जगदीश्वराच्या देवालयाच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकर यांचें नांव कोरलेलें आहे. गडाचें बांधकाम ज्यानें उभें केलें त्याला हा मान मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु ज्यांनीं तेथील काळा पाषाण फोडला, ओळंबा धरून थरावर थर चढविला, चुन्याची घाणी फिरविली, त्यांपैकीं कोणाचें नांव तेथें शोधावयाचें नसतें. ही गोष्ट तक्रार म्हणून सांगावयाची नव्हे. त्या काळीं बहुतेक जगांत हाच रिवाज होता. मात्र महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील गवंड्याचा सरकारदरबाराशीं आलेला संबंध पाहूं लागलें म्हणजे ही पायरी पुनःपुन्हां आठवते. काम त्याचें आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार पुढें कायद्याच्या राज्यांतही चालूच राहिला.

कोंकणच्या या आंतल्या पट्ट्यांत सुतार हा गांवचा बलुतेदार. त्याला खळ्यावर धान्य मिळे. गवंडी बहुतेक गांवांत बलुत्याच्या यादींत नसे. काम निघालें म्हणजे त्यास बोलवावयाचें आणि काम संपलें म्हणजे हिशेब चुकता करावयाचा, असा व्यवहार. त्याचें वर्षही पावसानेंच दोन भागांत वांटून दिलेलें आहे. दिवाळीनंतर, भात झोडून झालें म्हणजे, थापी, गुण्या आणि पाणसळ बाहेर निघतात. मृगाच्या सुमारास तीं पुन्हां कोनाड्यांत जातात. पुढचे चार महिने सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांचे. त्या दिवसांत परांची बांधून भिंत चढविणें कठीणच. ज्यास थोडी जमीन आहे तो चिखलणी-लावणीस लागतो, ज्यास नाहीं तो मुंबईची वाट धरतो. कायदा लिहिणारांनीं हें वर्ष कधीं जवळून पाहिलें असेल असें वाटत नाहीं.

१९२३ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. बांधकामावरील मजुराला त्यांत जागा मिळाली, पण ती मोजमाप लावून. इमारत एका मजल्याहून उंच असली पाहिजे, अशा स्वरूपाची अट त्या कायद्याच्या परिशिष्टांत होती. मुंबईच्या चाळीवरून पडणारा गवंडी त्यामुळें कायद्याच्या आंत आला; बिरवाडीच्या एखाद्या बैठ्या कौलारू घराच्या आढ्यावरून पडणारा बाहेर राहिला. हाड दोघांचेंही सारखेंच मोडतें.

त्याच वर्षीं, ४ ऑगस्ट १९२३ रोजीं, मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केलें, म्हणजे कागदावर खुलें केलें. तळ्याचें पाणी प्रत्यक्ष ओंजळींत येण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले. त्यावरून दंगल झाली, तळ्याची ‘शुद्धि’ झाली, दिवाणी दावा झाला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. ठराव आणि निर्वेध हक्क यांमध्यें चौदा वर्षें गेलीं.

गवंड्याच्या गोष्टींत तळ्याची गोष्ट आणण्याचें कारण असें कीं, तीच व्यक्ति पुढें १९४२ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याची सभासद झाली. किमान वेतनाचें बिल ११ एप्रिल १९४६ रोजीं मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडलें तें डॉ. आंबेडकरांनींच. १९४८ सालीं त्याचा कायदा झाला, तेव्हां मजूरमंत्री जगजीवनराम होते. कायद्याच्या परिशिष्टांत रस्ते व इमारती बांधण्याचें काम आणि दगड फोडण्याचें व खडी करण्याचें काम या दोहोंची नोंद आहे. ज्या कारागिरांची संघटना नाहीं, ज्यांना संप करून भाव वाढवून घेतां येत नाहीं, त्यांच्याकरितां सरकारनें दर ठरवावा, ही यामागील कल्पना. कल्पना चांगली होती. परंतु दर मोडल्याची फिर्याद करावयाची तर आधीं मालक कोण तें सांगावें लागतें, आणि चार दिवस एकाच्या ओट्यावर व आठ दिवस दुसऱ्याच्या कुंपणावर काम करणाऱ्यास तेंच सांगतां येत नाहीं.

या अडचणीवरचा तोडगा महाराष्ट्रांतच निघाला, पण तो दुसऱ्या धंद्यांत. मुंबईच्या बाजारपेठांतून ओझें वाहणाऱ्या माथाडींचा मालक तर तासातासाला बदले. अण्णासाहेब पाटील यांनीं त्यांची संघटना बांधली. पुण्यास बाबा आढाव यांची हमाल पंचायत उभी राहिली. आणि १९६९ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें माथाडी कायदा केला. त्यांतील योजना साधी आणि धाडसी आहे. व्यापारी व कामगार दोघांचीही नोंद मंडळाकडे व्हावी. व्यापाऱ्यानें मजुरी आणि तिच्यावरील ठराविक लेव्ही मंडळांत भरावी. मंडळानें हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधि, बोनस द्यावा. अनेक मालकांच्या जागीं कायद्यानें एक मंडळ उभें केलें. महाड-पोलादपूरच्या गवंड्यास नेमकें हेंच हवें होतें.

देशांतील बांधकाम कामगारांच्या संघटनांनीं तेंच मागितलें. १९८५ सालीं त्यांची एक राष्ट्रीय मोहीम-समिति स्थापन झाली. निवृत्त न्यायमूर्ति व्ही. आर. कृष्ण अय्यर तिचे अध्यक्ष होते. समितीनें स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला, सह्या गोळा केल्या, संसदेकडे अर्ज केला. कामाची वांटणी व मजुरीची हमी घेणारीं त्रिपक्षी मंडळें असावींत, ही तिची मुख्य मागणी. तामिळनाडूनें १९८२ सालीं व केरळनें १९८९ सालीं आपआपले कायदे करून वाट दाखविली होती. शेवटीं १९९६ सालीं संसदेनें दोन कायदे केले. एकानें बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम व कल्याणकारी मंडळें दिलीं; दुसऱ्यानें बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला, तो एक टक्का ठरला. निधि मिळाला, शिष्यवृत्त्या व मदती मिळाल्या. परंतु कामाची व मजुरीची हमी घेणारें मंडळ मिळालें नाहीं. मागितलेल्या कायद्याचा कणा गळला आणि मांस तेवढें राहिलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

महाराष्ट्रानें या कायद्याचे नियम २००७ सालीं केले आणि मंडळ पूर्णपणें उभें राहिलें तें २०११ सालीं. केंद्राच्या कायद्यानंतर पंधरा वर्षांनीं! माथाडी कायदा देशांत प्रथम करणाऱ्या राज्याला हा विलंब शोभणारा नव्हता.

मंडळाकडे नांव नोंदवावयाचें तर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ही अट वरवर पाहतां सौम्य आहे. वर्षाचा चौथा हिस्सा कोणीही भरील. कशेडी घाटांतील बोगद्यावर ठेकेदाराच्या हाताखालीं राबणाऱ्यास तो दाखला मिळण्यास अडचण नसावी, कारण तेथें हजेरीपट आहे, कचेरी आहे, शिक्का आहे. पण पोलादपूरच्या खोऱ्यांत घरें बांधणाऱ्याचें काय? दहांहून कमी माणसें असतील तर १९९६ चा कायदा लागू नव्हता. स्वतःच्या राहण्याचें घर दहा लाख रुपयांच्या आंतील असेल तरीही नव्हता. म्हणजे उपकर नाहीं, हजेरीपट नाहीं, आणि घरधनी सही करावयास भितो, कीं उद्यां एखादी नोटीस तर येणार नाहीं ना! नव्वद काय, दोनशें दिवस थापी चालविली तरी ते दिवस मोजणार कोण? पुढें ग्रामसेवकालाही दाखला देण्याचा अधिकार दिला गेला. त्यावर ग्रामसेवकांच्या संघटनांनीं विरोध केला, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. जें काम पाहिलें नाहीं त्याच्या दिवसांवर सही कशी करावी? खऱ्या गवंड्यास दाखला मिळूं नये आणि ज्यानें वीट उचलली नाहीं त्यास तो मिळावा, अशी तक्रार अनेक जिल्ह्यांतून ऐकूं येऊं लागली.

इकडे निधि सांचत राहिला. मोहीम-समितीनें २००६ सालीं दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १९ मार्च २०१८ रोजीं निकाल दिला. देशभर सदतीस हजार कोटींहून अधिक उपकर गोळा झाला व त्यांतील सुमारें साडेनऊ हजार कोटीच खर्च झाले, हें त्यांत नमूद आहे. कोठें कामगारांच्या नांवानें लॅपटॉप आणि धुलाईयंत्रें घेतल्याची माहितीही न्यायालयापुढें आली होती.

नोंदणीची किंमत कळली ती १९२० सालीं नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं. २०२० च्या टाळेबंदींत सगळीं कामें एका रात्रींत थांबलीं. महाराष्ट्रांत नोंदलेल्या बांधकाम कामगाराच्या खात्यांत मंडळानें दोन हजार रुपये जमा केले. ज्याचें नांव वहींत नव्हतें त्याच्या खात्यांत कांहीं आलें नाहीं. मुंबईहून पायीं गांवीं परतलेल्यांत असे किती गवंडी होते, याची मोजदाद कोण करणार?

त्याच वर्षीं २४ ऑगस्टला महाडच्या काजळपुरा भागांतील पांच मजली इमारत कोसळून सोळा माणसें मेलीं. गुन्हा नोंदला गेला तो बांधकाम व्यावसायिक, सल्लागार, वास्तुविशारद व नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर. नकाशावर सह्या त्यांच्या लागतात. गवंड्याची सही कोणी मागत नाहीं, म्हणून तो दोषांतून सुटतो, आणि म्हणूनच वहींतूनही सुटतो. पुढल्या वर्षीं, जुलै २०२१ मध्यें, महाड तालुक्यांतील तळिये गांव दरडीखालीं गाडलें गेलें. पोलादपूर तालुक्यांतही दरडी कोसळून माणसें दगावलीं. महाडच्या बाजारपेठेंत पुराचें पाणी दुकानांच्या छतांपर्यंत चढलें. चिखल निघाल्यावर भिंती पुन्हां उभ्या करण्यास याच मुलखांतील हात लागले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अंमलांत आल्या आणि १९४८ चा किमान वेतनाचा कायदा व १९९६ चे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. नोंदणीसाठीं नव्वद दिवसांची अट तशीच आहे. दहा माणसांची मर्यादाही तशीच. स्वतःच्या राहण्याच्या घरास असलेली सूट मात्र दहा लाखांवरून पन्नास लाख रुपयांपर्यंत गेली आहे. बिरवाडी, वरंध किंवा पोलादपूरच्या पलीकडील वाड्यांतून दिवाळीनंतर जीं घरें बांधावयास निघतात, त्यांतलें क्वचितच एखादें या आंकड्याच्या वर जाईल.