देवडीतले दुकान

बीडच्या जुन्या बाजारात कारंजा, बलभीम चौक, धोंडीपुरा या भागांतून चालताना नजर जरा वर ठेवावी. खाली शटर, त्यावर फ्लेक्सची पाटी, आणि पाटीच्या वर मध्येच एखाद्या दगडी कमानीचे टोक दिसते. कमानीला चुना मारलेला असतो किंवा ऑइलपेंटचे चार थर चढलेले असतात. आतला माणूस गाद्या भरत असतो, शिलाई मशीन चालवत असतो, नाहीतर कुलपे-कड्या विकत असतो. ती कमान कशाची, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही सांगायला जात नाही.

मराठीत वाड्याच्या दरवाजाला लागून दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी जे उंच कोनाड्यासारखे ओटे असतात, त्यांना देवडी म्हणतात. हैदराबादेत हाच शब्द संपूर्ण हवेलीसाठी वापरतात. दिवाण देवडी म्हणजे सालारजंगांचे अख्खे निवासस्थान. मराठवाडा सव्वादोनशे वर्षे निजामाच्या राज्यात असल्याने आपल्याकडे दोन्ही अर्थ नांदले. पाटील-देशमुखांच्या वाड्याला देवडी होती, जहागीरदाराच्या हवेलीलाच देवडी म्हणत.

जुन्या वाड्याचे दुकान करायचे तर पहिली नजर या ओट्यावरच जाते, त्याचे कारण साधे आहे. तो रस्त्याच्या तोंडाशी असतो आणि मांडीपर्यंत उंच असतो. दुकानदार बैठकीवर बसला की त्याचे डोळे रस्त्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर येतात. पहारेकऱ्याच्या दिव्याचा कोनाडा चोपड्या ठेवायला होतो. पूर्वी शटर नव्हते तेव्हा कमानीत लाकडी फळ्या ओळीने बसवत, त्यांच्यावर आकडे घातलेले असत, कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसत नसे. दरवाजावरच्या नगारखान्यात जास्तीचा माल जातो, आतल्या चौकात गोदाम होते. माळवदाचे छत जाड असल्याने उन्हाळ्यात आत गारवा राहतो; पावसाळ्यात मात्र दरवर्षी पांढरी माती टाकावी लागते, आणि ती कुणी टाकायची यावर मालक-भाडेकरूंची भांडणे होतात. एका बाजूच्या देवडीत पिंजाऱ्याची गादी आणि दुसऱ्या बाजूला टेलर, अशी जोडी मराठवाड्याच्या तालुक्याच्या गावांत सहज सापडेल. दोन्ही धंदे घरातल्या माणसांवर चालतात. बाप, मुलगा, आणि आत घरी रजईला दोरा घालणाऱ्या बायका. पाटीवर बायकांचे नाव नसते, पण हिशेबात त्यांचा वाटा मोठा असतो.

हे कधी घडले? काही ठिकाणी हळूहळू, पण बऱ्याच ठिकाणी दोन-तीन वर्षांतच. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 15 ऑगस्ट 1949 ला जहागीर निर्मूलनाचा विनियम लागू झाला. संस्थानातील सुमारे एक तृतीयांश जमीन जहागिरींत होती. तिचा महसूल या तारखेनंतर सरकारच्या तिजोरीत जाऊ लागला. मोबदला ठरला, पण तो हप्त्यांनी. हवेलीचा खर्च मात्र रोजचा. पहारेकरी, मशालजी, सईस यांचे पगार बंद झाले आणि देवडी रिकामी झाली. रिकामी जागा बाजाराच्या तोंडावर असल्यावर दुसरे काय होणार?

पण कारण फक्त जहागिरीचे नव्हते. ‘पोलीस ॲक्शन’च्या आधी रझाकारांनी गावोगाव जो उच्छाद मांडला तो इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. नंतर जे झाले ते तिथे नाही. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना 1948 च्या अखेरीस दौऱ्यावर पाठवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वाधिक हानी झाल्याचे त्यांनी नोंदवले. त्याखालच्या गटात बीडचे नाव आहे. अनेक घरे हैदराबादेच्या आसऱ्याला गेली, काही पाकिस्तानात. जाताना कुणी घर विकले, कुणी नातेवाइकाच्या हवाली केले, कुणाचे घर पुढे ‘निर्वासित मालमत्ता’ म्हणून कस्टोडियनकडे गेले. खरेदीखतावरची किंमत खुशीची होती की भीतीची, हे कागद सांगत नाही.

आमच्या लोकांत या हवेल्यांचा विषय निघाला की उसासे सुरू होतात. मला ते पटत नाही. मराठवाड्यातला सामान्य मुसलमान जहागीरदार कधीच नव्हता. तो मोमीन होता, पिंजारी होता, बागवान होता, कातड्याच्या छागला शिवणारा होता. निजामाच्या काळात बीडच्या छागला आणि गुप्त्या नावाजलेल्या होत्या, इंग्रजांच्या गॅझेटियरनेही त्यांची दखल घेतली. त्या बनवणारा कारागीर देवडीपर्यंत यायचा, सलाम करून माल द्यायचा आणि परत जायचा. आत गादीवर बसायची त्याची ऐपत नव्हती आणि मुभाही नव्हती. पिंजाऱ्याचा नातू आज त्याच ओट्यावर बसून कापसाचा भाव सांगतो, ही पडझड नव्हे. हवेली ज्या सारा-महसुलावर उभी राहिली तो शेतकऱ्याच्या खळ्यावरून आलेला होता, हेही विसरायला नको.

मग तक्रार कशाची? या वास्तूची जबाबदारी कुणाचीच नाही याची. मराठवाड्यात 1954 चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्राच्या कायद्याने घेतली. या संरक्षणामुळे छोटे कुटुंब बाजाराच्या मध्यभागी टिकले, हा त्याचा मोठा उपकार. पण भाडे गोठले तशी मालकाची दुरुस्तीची इच्छाही गोठली. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने छत केले, तर मालकाच्या मनात शंका. इमारत पडावी म्हणून एकजण वाट बघतो, पडू नये म्हणून दुसरा टेकू लावतो. बिंदुसरा नदीच्या जुलै 1989 च्या पुरासारखे संकट आले की दोघेही सारखेच भिजतात. खजाना विहीर बांधणाऱ्या सलाबतखानाचे नाव पर्यटनाच्या पत्रकात येते. या कमानींना असे कुणाचे नाव चिकटलेले नाही.

मोठ्या शहरात नाव असूनही काय होते ते हैदराबादेत दिसले. दिवाण देवडीत 1951 साली सालारजंग म्युझियम सुरू झाले. 1968 मध्ये म्युझियम नव्या इमारतीत गेले आणि देवडीच्या आवारात बाजार भरला. आता ओळखीला दरवाजे उरले आहेत. निजामाचे महसुली दफ्तर पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या घराण्याचा मालवाला पॅलेस 2000 साली पाडला गेला, त्या जागी व्यापारी संकुल झाले. म्युझियम निघून गेले, राजवाडा पडला. आपल्याकडची शिलाई मशीनवाली देवडी त्यामानाने चिवट निघाली.

आता तीही जाईल. पुनर्बांधणीचा करार करायला बिल्डर येतो तेव्हा पत्र्याच्या पेटीतले कागद बाहेर निघतात: मुंतखब, भाडेचिठ्ठ्या, खरेदीखत. बरेचसे उर्दूत, काही मोडीत. घरातली पोरे मराठी शाळेत शिकलेली, उर्दू येते ती जुजबी. त्यांना आकडा तेवढा वाचता येतो: 1358. मुसलमान घरातला कागद म्हणून तो हिजरी सन समजला जातो आणि खत 1939 च्या सुमाराचे ठरते, म्हणजे शांततेच्या काळातले. पण निजामाचे दफ्तर फसली सनावर चालायचे. फसलीत 590-591 मिळवले की इसवी सन मिळतो, आणि 1358 फसली म्हणजे ऑक्टोबर 1948 ते ऑक्टोबर 1949. आकड्याशेजारी मोहरम किंवा रजब लिहिले असेल तर सन हिजरी. आजूर, दै किंवा बहमन असेल तर फसली, आणि मग ते घर पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षात विकले गेलेले असते.